अहवालात नसलेला चहा

मयूरीचा राजीनामा माझ्या टेबलावर पाण्याच्या बाटलीखाली दाबून ठेवला होता. आमच्याकडं पंखा एकच, आणि तोही वेड लागल्यासारखा फिरतो, म्हणून बाटली. राजीनामासुद्धा उडून जाऊ नये एवढी काळजी घेणारी पोरगी काम सोडून चालली, याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. पण मला राग आला होता. रागात बाटली दिसत नाही, कागद तेवढा दिसतो.

कागदावर एकच ओळ. ‘मी समुपदेशक होण्यास योग्य नाही, सबब राजीनामा देत आहे.’ खाली सही आणि सहीखाली दोन्ही पदव्या.

साताऱ्यात पोवई नाक्यापासून थोडं आत एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं महिला समुपदेशन केंद्र आहे. जिना एकच. बायकांना ते बरं पडतं. ओळखीचं कुणी भेटलंच तर दाढ दुखती म्हणून सांगता येतं. कितीतरी बायकांच्या दाढा आमच्याकडं वर्षानुवर्षं दुखतायत.

मी इथं आले ती झाडायला आणि चहा करायला. दहावी वाईला झालेली, सत्ताविसाव्या वर्षी मालक गेले, पदरात एक मुलगी. पडद्यामागं कपबशा विसळता विसळता आतलं बोलणं कानावर पडायचं. बाई काय सांगते, त्यातलं काय सांगत नाही, तेव्हाच्या समुपदेशक, जुन्या बाई, कुठं गप्प बसतात, हे सगळं मी त्या पडद्यामागं शिकले. पुढं जुन्या बाईंनी एक दिवस मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि त्या पेन्शनीत गेल्या. आता माझ्या टेबलावर ‘वरिष्ठ समुपदेशक’ अशी पाटी आहे आणि नव्याने येणाऱ्या मुलींना मी तयार करते. मयूरी त्यांतली बारावी.

ती सांगलीची. समाजकार्य शिकलेली, त्यावर आणखी शिकलेली. लग्नाला आठ महिने झालेले, नवरा इथंच एमआयडीसीत. सहा महिन्यांच्या उमेदवारीवर आली होती आणि पक्कं करायचं की नाही हे माझ्या अभिप्रायावर होतं. तिच्या पदव्यांची मला जरा धास्तीच होती. म्हणून पहिल्या दिवसापासून मी तिला अगं-तुगं केलं.

झालं होतं ते असं. पूजा नावाची तेविशीची मुलगी आमच्याकडं आली होती. नवरा मानसिंग, घरचा ऊस, सासू तानुबाई. मारहाण. दोन्हीकडची माणसं बसवून तडजोड लिहून घेतली आणि पूजा परत नांदायला गेली. गावाचं नाव सांगत नाही, आमच्या कामात ते बसत नाही. तडजोड झाली की महिन्याभरात आमच्यातलं कुणीतरी न कळवता घरी जाऊन बघून येतं. त्याला गृहभेट म्हणतात. ही गृहभेट मयूरीनं केली, पहिल्यांदाच एकटीनं. अहवालात लिहिलं, ‘वातावरण सलोख्याचे. सून समाधानी दिसली.’

नवव्या दिवशी पूजा मनगट मोडून माहेरी गेली.

ती पोलीस ठाण्यात गेली, तर तिच्याआधी सासरची माणसं फोटो घेऊन हजर. फोटोत मयूरी खुर्चीवर बसलेली, ओढणी पसरून ओटी घेतेय. खण, नारळ, तांदूळ. तानुबाई तिला कुंकू लावतेय. ‘केंद्राच्या म्याडमनीच बघून सांगितलंय साहेब, सूनबाई सुखात हाय. पाय घसरून हात मोडला.’

आमचे सचिव अनंत सर. वाईचे निवृत्त मुख्याध्यापक, माणूस सरळ, पण केंद्राच्या नावाला डाग म्हटलं की त्यांचा चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा होतो. त्यांनी मला शनिवारी बोलावलं.

“शरयूताई, नियम सातवा. पक्षकाराच्या घरून कुठलीही वस्तू घ्यायची नाही. वाचून दाखवला होता ना तिला?”

“दाखवला होता.”

“मग? मंगळवारी अकराला समिती बसतेय. तुमचा अभिप्राय लेखी द्या. ‘अयोग्य’ एवढा एक शब्द पुरे. तिनं राजीनामा दिलाच आहे, आपण मंजूर करू. सुंठीवाचून खोकला गेला.”

मला ते पटलं होतं, हे इथं लिहायला लाज वाटते. पण ‘अयोग्य’ लिहायला पेन उचललं आणि वाटलं, हा शब्द तिच्या तोंडावर म्हणावा. राजीनामा ठेवून ती माहेरी गेली होती, म्हणून रविवारी सकाळी सांगलीची एसटी धरली. कराडपर्यंत मी तिला मनातल्या मनात झापत होते, पुढं उजळणी.

हरभट रोडच्या मागच्या गल्लीत तिच्या आईचं घर. आई, मंगलताई, पिको-फॉलचं मशीन चालवते. मला बघून तिनं पायाखालचं मशीन थांबवलं, तोंडातली टाचणी काढली. “या ताई. दोन दिवस झाले, बया जेवंना का बोलंना. जावयाचे फोन येतायत, तेबी उचलंना. तुमीच विचारा.”

मयूरी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठली नाही. मी उजळणी केलेलं सुरू केलं.

“मी तुला काय शिकवलं होतं? पुढच्या खोलीत बसायचं नाही. पाणी मागायचं, आणि पाण्याच्या निमित्तानं आत जायचं. चुलीपाशी, मोरीपाशी, जिथं सून असेल तिथं. बरोबर?”

“बरोबर.”

“मग का नाही गेलीस?”

“निघाले होते. पाणी मागितलं. तांब्या पुढंच आला.”

“मग संडासला जायचं म्हणायचं!”

“म्हटलं. सासू बरोबर आली. बाहेर पाण्याची बादली घेऊन उभी राहिली.” मयूरीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. “आतून मी कडी लावली आणि दोन मिनिटं उगीच उभी राहिले. काय करणार?”

“अगं, पण मी बावीस वर्षं अशाच भेटी केल्या. एकदाही सासू माझ्यामागं आली नाही.”

“का नाही आली, ताई?”

“म्हणजे?”

“तुम्ही घरात गेल्यावर काय होतं? पहिल्यापासून सांगा. मला खरंच कळून घ्यायचंय.”

मी सांगायला लागले. घरात गेलं की बसा म्हणतात. नाव, गाव विचारतात. मग विचारतात, मालक काय करतात. मी सांगते, वारले. मग... मग त्या आपापल्या कामाला लागतात. मी आत जाते, सुनेशेजारी बसते, भाजी निवडू लागते. कुणी लक्ष देत नाही. मला वाटायचं, ही माझी हातोटी. मी मुलींना सांगायचे, आपला बाऊ होऊ द्यायचा नाही, सावलीसारखं घरात शिरायचं.

“तुमची कधी कुणी ओटी भरली का?” मयूरीनं विचारलं. आवाज अगदी मऊ होता, आम्ही शिकवतो तसा.

मंगलताई दारात उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, “अगं, त्यांची कोन ओटी भरंल? त्यांला...” आणि तिनं जीभ चावली.

मशीनवर अर्धी शिवलेली साडी हळूहळू घसरत खाली जात होती. कुणीच ती उचलली नाही.

बावीस वर्षं. शेकडो घरं. ‘वारले’ म्हटल्यावर कुंकवाचं ताट मागं जायचं, ते मी बघितलेलं होतं. बघून काय केलं, तर त्याची हुशारी बनवली. मान मिळाला नाही असं मानण्यापेक्षा मला मान नकोच होता असं मानणं सोपं असतं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, ते माझं माझ्यापाशी. पण मी त्याचा धडा केला आणि अकरा मुलींना शिकवला. त्यांतल्या कितीजणी नव्यानं लग्न झालेल्या, मंगळसूत्र घातलेल्या होत्या! त्यांना मागच्या दारानं कोण सोडणार होतं? त्या पाहुण्या. पाहुणीला पुढच्या खोलीत बसवतात, तिच्यावरून नजर हलू देत नाहीत.

“तुला हे कधी कळलं?” मी विचारलं.

“एसटीत. परत येताना.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगणार ताई? तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

मला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळे भरले. आमच्या केंद्रात येणारी प्रत्येक बाई हेच म्हणते. आईला वाईट वाटलं असतं, म्हणून सांगितलं नाही. मी माझ्या टेबलाच्या या बाजूला तीच गोष्ट तयार करून ठेवली होती.

“चल,” मी म्हटलं. “बॅग भर. मंगळवारी समितीपुढं मी सांगते, चूक माझी आहे.”

मयूरी उठली. पण बॅगेकडं गेली नाही. “समिती नंतर. आधी पूजाकडं जायचं. मला तिची माफी मागायचीय.”

“पक्षकाराची माफी? आपल्याकडं तशी पद्धत नाही गं. मग त्यांचा आपल्यावरचा विश्वास...”

“आहे का आता?”

मंगलताईनं आम्हाला बळंच जेवायला बसवलं. मयूरीनं दोन भाकरी खाल्ल्या. आईनं तिसरी न विचारता टाकली.

पूजाचं माहेर विट्याच्या अलीकडं, फाट्यावर उतरून अर्धा तास चालत. दुपार कलत होती. पूजा ओसरीवर बसून डाव्या हातानं शेंगा फोडत होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. तिच्या आईनं आम्हाला बघितलं आणि काही न बोलता आत गेली. आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. स्वागत म्हणून तेवढं पुरेसं होतं.

“कशाला आलाय?” पूजा म्हणाली. “ह्या हाताचा बी फोटू काढायचा हाय व्हय?”

मयूरी तिच्यासमोर खाली बसली. “माफी मागायला आले. मी तुझ्या घरी आले आणि तुझ्याशी बोललेच नाही. तुझ्या सासूशी बोलून परत गेले. वर सगळं बरं आहे असं लिहिलं.”

“बघ पूजा,” मी सवयीनं मध्ये पडले, “तसं बघितलं तर तिची एकटीची...”

“ताई, थांबा.”

मी थांबले. उमेदवारीवरच्या मुलीनं मला थांबवायची ही पहिलीच वेळ.

पूजा एक शेंग बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, “त्या दिवशीचा च्या कसा हुता?”

मयूरीचा चेहरा पडला.

“सांगा की. कसा हुता?”

“खारट.”

“किती?”

“लय.”

“दोन चमचं मीठ घातलं हुतं!” पूजाचा आवाज चढला. “सासू म्होरं बसल्याली, तोंड उघडायची सोय न्हाई. म्हटलं ह्या घोट घेतील, थुतील, म्हनतील काय गं बया ह्यो च्या. म्हंजे सासू मला आत पिटाळंल, तुमी बी माज्या मागनं आत याल, दोन सबूद बोलता येतील. तर तुमी प्यालासा. समदा प्यालासा. वर म्हनलासा, छान झालाय!”

ती हसायला लागली. हसताना प्लास्टरचा हात हलला आणि ती कळवळली, तरी हसणं थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मयूरीनं तिला पाणी दिलं नाही, पाठीवरनं हात फिरवला नाही. नुसती समोर बसून राहिली. मला उठायचं होतं. मी माझे दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले.

पूजा शांत झाल्यावर मी म्हटलं, “मी शिकवलंय तिला ते. कुणाच्या घरात पुढ्यात येईल ते तोंड वाकडं न करता प्यायचं, नाव ठेवायचं नाही.”

पूजानं माझ्याकडं निरखून बघितलं. “मंग तुमी बी चुकला.”

“व्हय.”

“लय शिकवता जनू तुमी.”

मयूरीनं खाली मान घातली. ती हसली असावी, पण मी तिला तो संशयाचा फायदा दिला.

मग मयूरीनं विचारलं, “पूजा, आता तुला काय पाहिजे?”

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘नांदायचंय का तुला?’ इतक्या वर्षांत मी तो हजारदा विचारला असेल. त्याला उत्तरं दोनच, हो किंवा नाही. मयूरीच्या प्रश्नावर पूजा शेंगा फोडत राहिली. शेंगांच्या टरफलांवर मुंग्या आल्या. मला आतून ढकलल्यासारखं होत होतं, एखादा शब्द पुरवावा, ‘घटस्फोट’, ‘पोटगी’, ‘तक्रार’, काहीतरी. मयूरी हलली नाही.

“त्यो फोटू,” शेवटी पूजा म्हणाली. “म्या ठाण्यात सांगितलं, मला मारत्यात. त्यांनी फोटू दावला. साहेब माज्याकडं असं बघाय लागला, जनू मीच खोटारडी. आता मला तिकडं जायचं न्हाई. पुढचं पुढं बघंन. पन त्यो फोटू काय खरं सांगत न्हाई, आसं तुमी लिहून द्या. ठाण्यात. सही करून. मी खोटारडी न्हाई, एवढं कागदावर पायजे मला.”

“देते,” मयूरी म्हणाली.

विट्याहून साताऱ्याच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. पुसेसावळी मागं पडली. मग म्हणाली, “राजीनामा मागं घ्यावा लागणार.”

“तेच तर मी सकाळपासून...”

“तुमच्यासाठी नाही ताई. राजीनामा दिला, किंवा मला काढलं, तर माझ्या लिहून देण्याला किंमत काय? काढून टाकलेली बाई, राग धरून लिहितेय म्हणतील. मी तिथं कामावर असले, तरच तो कागद पूजाच्या उपयोगाचा.”

कालच हिच्याबद्दल एक शब्द पुरे असं ठरलं होतं.

“आणि एक,” ती म्हणाली. “दर महिन्याला तुम्ही माझा फॉर्म भरता. काय जमलं, काय चुकलं. त्याची मागची बाजू कोरी असते. तिथं मी तुमचं भरणार.”

“माझं?”

“तुमचं.”

जुन्या बाई गेल्यापासून माझ्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं. चांगलंही नाही. “पहिलं काय लिहिशील?” मी विचारलं.

“मध्ये बोलतात.”

कंडक्टरनं मागं वळून बघितलं, एवढ्या मोठ्यानं मी हसले.

मंगळवारी अकराला समिती बसली. अनंत सर आणि दोन सभासद बायका, त्यांतली एक नेहमीप्रमाणे फोनवर. सरांनी राजीनाम्याचा कागद पुढं घेतला. मी म्हटलं, “आधी अभिप्राय वाचते.”

वहीतलं पान फाडून मी लिहून आणलं होतं. वाचायला लागले. “गृहभेटीला मला मागच्या दारानं आत घेतात, कारण मी विधवा आहे. माझ्यासमोर घर सजवायची कुणाला गरज वाटत नाही. म्हणून मला खरं दिसतं. हे कारण मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं आणि मयूरीलाही सांगितलं नाही. तिला फक्त पद्धत दिली...”

“शरयूताई,” सर खुर्चीत चुळबुळले, “हे असं वैयक्तिक, अहवालात...”

“वैयक्तिक कुठं सर? याच पद्धतीवर मी बारा मुली तयार केल्या. त्यांच्या अहवालांवर आपण शिक्के मारले. किती घरांत त्यांना पुढच्या खोलीतनंच परत पाठवलं असेल, मी कधी विचारलं नाही. मयूरीनं मला विचारलं, म्हणून कळलं. मला जे बावीस वर्षांत दिसलं नाही ते तिला एका एसटीच्या प्रवासात दिसलं. ती अयोग्य असेल तर माझी पाटी आधी काढा. चूक माझी आहे.”

फोनवरच्या बाईंनी फोन खाली ठेवला. मला वाटलं, झालं, जमलं. तेवढ्यात मयूरी उभी राहिली.

“सगळी नाही,” ती म्हणाली. “ताईंनी माझ्या वाटणीची चूक घेऊ नये. चहा खारट होता. इतका खारट चहा चुकून होत नाही, हे मला पहिल्या घोटाला कळलं होतं. पूजा एक हात पदराखाली लपवत होती, तेही दिसलं होतं. मी ते अहवालात लिहिलं नाही. कारण मला त्या घरात बरं वाटत होतं. लग्न झाल्यापासून एवढ्या मानानं मला कुणी बसवलं नव्हतं. मी भुलले सर. ते मलाच सांगायला पाहिजे, नाहीतर मी पुन्हा भुलीन.”

मी तिला वाचवायला आले होते. वाचवायच्या नादात तिची चूकही मी माझ्या पिशवीत घालून निघाले होते. चूक काढून घेतली की माणसाचं शिकणंही निघून जातं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी खाली बसले.

तिनं ठाण्यात द्यायचं पत्र सरांपुढं ठेवलं. त्यात सगळं होतं. गृहभेटीत सुनेशी एकांतात बोलणं झालं नाही, सासू सतत समोर होती, फोटोवरून सुनेच्या सुखाबद्दल काहीही म्हणता येणार नाही, माझा अहवाल चुकीचा होता.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “उद्या प्रत्येक नवरा कोर्टात म्हणेल, यांचे अहवाल असेच असतात. त्याला काय उत्तर देणार?”

“चुकतो तेव्हा लिहून देतो, हे उत्तर देऊ,” मयूरी म्हणाली. “आणि पुढच्या भेटी नीट करू.”

“आणि हा कागद तुमच्या नोकरीभर तुमच्या मागं येईल. पंचवीस वर्षांचं वय आहे तुमचं. विचार केलाय?”

“येऊ दे सर. कुणी विचारलं तर सांगीन काय झालं होतं ते.”

सरांनी कागद जवळ ओढला. मुख्याध्यापकाची सवय, त्यांनी लाल पेन काढलं आणि दोन वेलांट्या सुधारल्या. तेव्हाच मला कळलं की ते मानणार. नापास करायचा पेपर कुणी एवढा तपासत नाही.

“तीन महिने उमेदवारी वाढवतो,” ते म्हणाले. “आणि एकटीनं गृहभेट नाही.”

“कुणीच एकटीनं नाही,” मी म्हटलं. “मीसुद्धा नाही. दोघी जाऊ. एकीला पुढच्या खोलीत बसवू देत, दुसरी मागं जाईल.”

सरांच्या मिशा हलल्या. “ही तुमची पद्धत?”

“आमची,” मी म्हटलं.

शिक्का त्यांनी स्वतः कपाटातनं काढला. शाई वाळलेली होती, दोनदा दाबावा लागला. पत्रावर खाली मयूरीची सही, तिच्याखाली ‘मार्गदर्शक’ म्हणून माझी. राजीनामा मयूरीनं घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. फाडला नाही. का, ते मी विचारलं नाही. तेवढं तरी मी त्या दोन दिवसांत शिकले होते.

दुपारी दोघी ठाण्यात गेलो. दिवस गर्दीचा होता. आमचं प्रकरण ज्यांच्याकडं होतं त्या हवालदारांनी पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं, मग परत वरनं वाचलं.

“म्हणजे तुमचाच रिपोर्ट खोटा, असं तुम्हीच लिहून देताय?”

“चुकीचा,” मयूरी म्हणाली. “आणि पूजाचं म्हणणं ऐकून घ्यायचं राहिलंय, तेही नोंदवून घ्या. ती उद्या सकाळी स्वतः येतेय. त्याआधी माझा जबाब घ्या.”

ते आम्हा दोघींकडं बघायला लागले. टेबलासमोर एकच खुर्ची होती. त्यांनी ती माझ्याकडं सरकवली. केस पांढरे असले की खुर्ची आपोआप येते.

“बसा मॅडम. तुम्हीच सांगा काय ते. ह्या तुमच्या शिकाऊ ना?”

“जबाब त्यांचा आहे,” मी म्हटलं. “खुर्ची त्यांना द्या.” आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले. सवयीनंच, माझ्या नेहमीच्या जागी.

मयूरी बसली नाही. शेजारच्या खोलीत गेली आणि तिथली एक लोखंडी खुर्ची दोन्ही हातांनी ओढत घेऊन आली. फरशीवर तिचा असा करकर आवाज झाला की ठाण्यातल्या सगळ्या माना वर आल्या. तिनं ती पहिल्या खुर्चीला लावून ठेवली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.

मी जाऊन बसले. मग ती बसली.

“लिहून घ्या,” ती हवालदारांना म्हणाली. “मी त्या घरात सव्वाअकराला गेले.”

मी तोंड उघडणार होते. साडेअकरा झाले होते, मला माहीत होतं, अहवालात तसंच होतं. मी तोंड मिटलं. दोन वाक्यांनंतर तिनं स्वतःच थांबून वेळ दुरुस्त केली आणि पुढं सांगत राहिली.